अनामिकेच्या मधोमध

दिवाळी सरली की मंगरूळपीरकडून नागपूरला येणाऱ्या एसटीच्या खिडक्यांच्या गजांना कापूस अडकलेला दिसू लागतो. सरकी काढणाऱ्या जिनाकडे निघालेल्या भरगच्च बैलगाड्यांना घासून एसटी पुढे जाते आणि त्यांच्या काठांवरचे पुंजके सोबत घेऊन शहरात येते. इस्पितळातली पाळी संपवून मी बसस्थानकावरून वसतिगृहाकडे जाते, तेव्हा नजर आपोआप त्या गजांकडे वळते. धागा लांब आणि पांढराशुभ्र असेल तर पहिली वेचणी चालू आहे. आखूड आणि पिवळसर असेल तर हंगाम उतरणीला लागला. एवढ्या पुराव्यावरून आमच्या गावी, इंझोरीच्या शेतांत काय चालले असेल हे मला सांगता येते. पुराव्यावरून निष्कर्ष काढणे हा माझा स्वभाव आहे, आणि आता तोच व्यवसायही होऊ घातला आहे.

परवा असाच एक पुंजका मी गजावरून काढला आणि अंगठ्याने एकेका बोटावरून फिरवला. पाचही बोटांना तो कळला. अनामिकेला दोन्ही कडांनी कळला. त्या दुसऱ्या कडेपाशी मी थांबले. दरवर्षी थांबते.

माझा थोरला भाऊ मधुकर सैन्यात कॅप्टन होता आणि लेग स्पिन टाकत असे. आमच्या वस्तीतून पलटणीत गेलेले पुष्कळ. आजोबाही शिपाई म्हणून बारा मुलखांचे पाणी पिऊन आलेले. पण खांद्यावर तारे लावून परतलेला दादा पहिला. त्यामुळे गावात त्याची ओळख करून देताना क्रम ठरलेला असे: "कप्तान हाय, अन् बालिंग बी टाकते." दादाला हा क्रम मान्य नव्हता. चेंडू त्याच्या हाती आधी आला होता, बंदूक पुष्कळ नंतर.

त्याचे पहिले शिक्षण आजोबांपाशी झाले. आजोबा अंबाडीचा दोर वळत आणि दादा समोर बसून पाहत असे. "पीळ मनगटात ऱ्हायते," आजोबा म्हणत, "बोटानं फक्त सोडाचा." पुढे अकोल्याच्या कॉलेजात, विद्यापीठाच्या संघात, सैन्याच्या संघात त्याला अनेकांनी गोलंदाजी शिकवली; पण चेंडू सोडताना त्याचा हात दोर वळणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखाच दिसे. सीमेवरच्या चौकीतही त्याच्या पॅन्टच्या उजव्या खिशात एक जुना चेंडू असे. पहारे तपासत फिरताना त्याची बोटे खिशातल्या खिशात शिवणीवरून फिरत राहत. हाताखालच्या जवानांना ते ठाऊक होते. साहेबांचा हात खिशात असला की सगळे ठीक आहे, असे ते समजत.

मग डिसेंबरातली ती लढाई झाली आणि तोफगोळ्याचा एक कपचा त्याच्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला लागला.

इथे मला थोडे शरीरशास्त्र सांगावे लागेल. कोपर अचानक आपटले की हातभर झिणझिण्या येतात, कारण तिथे एक मज्जातंतू हाडाच्या खोबणीतून जवळजवळ उघड्यावर जातो. तो खाली उतरतो आणि करंगळीला व अनामिकेच्या करंगळीकडच्या अर्ध्या भागाला स्पर्श देतो. अर्ध्याच. अनामिकेचा दुसरा अर्धा भाग वेगळ्या मज्जातंतूच्या मालकीचा असतो. एकाच बोटाच्या मधोमध ही सीमा जाते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी विच्छेदनाच्या टेबलावर मी ती प्रथम शिकले, तेव्हा ती मला निसर्गाची गंमत वाटली होती. लेग स्पिनमध्ये चेंडूला अखेरचा पीळ देणारे बोट अनामिकाच असते, हे मी तेव्हा या गोष्टीशी जोडून पाहिले नव्हते. जोडण्याचे कारणच नव्हते.

इस्पितळात मज्जातंतूची टोके शिवली गेली. ती जुळली, तर तंतू पुन्हा वाढत बोटांपर्यंत पोहोचतो. पण त्याची वाढ महिन्याला जेमतेम एक इंच. कापसाची पऱ्हाटी त्याच्यापुढे धावते म्हणायचे. लढाईनंतरच्या वर्षी दिवाळीला दादा लांबलेल्या रजेवर घरी आला. नव्या वर्षाच्या आरंभी वैद्यकीय मंडळापुढे त्याची तपासणी होती. बोटांना जाग आली तर पलटण, नाही आली तर घर. मीही परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत घरीच होते. त्या हंगामाबद्दल मी लिहिते आहे.

तो एसटीतून उतरला तेव्हा त्याचा उजवा हात खिशात होता. फाट्यावर त्याला घ्यायला त्याचा बालमित्र शेषराव गाडी जुंपून आला होता. शाळेपासून दादाच्या गोलंदाजीवर यष्टिरक्षण त्यानेच केलेले. त्याने दादाला आपादमस्तक न्याहाळले.

"हात खिशात कायले बाप्पा? थंडी तं अजून पडली नाई."

"खिसा फाटला," दादा म्हणाला. "धरून ऱ्हायलो."

शेषराव हसला. मीही हसले. मग पेटी उचलायला दादाने डावा हात पुढे केला आणि आम्ही दोघे हसायचे थांबलो.

दुपारची जेवणे झाली की ओसरीवर माझे काम सुरू होई. दादा डोळे मिटून उजवा तळहात माझ्यासमोर ठेवी. मी टाचणीच्या टोकाने मनगटाकडून बोटांकडे हलके टोचत जाई आणि तो "हो" किंवा "नाही" म्हणे. जिथे "हो" संपे तिथे मी टाकाच्या शाईने रेघ ओढी. पहिल्या दिवशी रेघ तळहातातच होती. बधिर भागाला घाम येत नाही, त्यामुळे रेघेपलीकडची त्वचा कोरडी आणि गुळगुळीत होती. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट किंचित आत वळलेले. आई दारात सुपात ज्वारी पाखडत बसलेली असे. आमचे सुरू झाले की सुपाचा आवाज थांबे.

"कुंदे, पुढं सरकली का व?"

"सरकली, आई."

खरेच सरकत होती. आठवड्याआठवड्याने ती तळहातावरून करंगळीच्या बुंध्याशी, मग पेरावर, मग अनामिकेच्या बाहेरच्या कडेने नखाच्या दिशेने गेली. पुस्तकात सांगितलेल्या वेगापेक्षा पुष्कळ जलद. मला त्याचे नवल वाटायला हवे होते, वाटलेही. पण अपवाद असतात, तरुण माणसाच्या ऊती लवकर भरतात, शिवणाऱ्याचा हात चांगला असेल, अशी कारणे मी मनाशी मांडत गेले. शास्त्र शिकणाऱ्याला कारणांचा तुटवडा कधी पडत नाही.

आईचे शास्त्र वेगळे होते. "बोटाले काम पाहिजे," ती म्हणे. "नुसतं टोचून का व्हते? निजलेल्या मान्साले टोचलं तं तो कूस बदलते. काम दिलं तं उठते." आणि आमच्याकडे बोटांचे काम म्हणजे वेचणी. धर्मांतरानंतर आईने वेचणीआधी शेतात दहीभात वाहायची सीतादह्याची पूजा सोडून दिली होती. तरी पहिल्या वेचणीच्या दिवशी घरात दही विरजलेले असे आणि ते का, हे कोणी विचारायचे नसे. त्या वर्षी पाऊस ओढ देऊन गेला होता, बोंडे लहान होती. पण कमरेला कापूस टाकायची ओटी बांधून बायकांच्या रांगेत उभा असलेला सहा फुटी कॅप्टन पाहायला शेजारच्या शेतांच्या धुऱ्यांवरून माणसे येऊन गेली.

वेचणाऱ्या बायकांत गिरजाकाकू मुख्य. तिची जीभ तिच्या हातांइतकीच चपळ.

"कप्तानसाहेब, ओळीनं चाला. पलटन हाय का मांजराचं बिऱ्हाड?"

"चुकलं, काकू."

"चुकलं म्हनता अन् बोंडं माघारी सोडता. दुश्मन असाच सोडला का?"

सगळ्या हसल्या. दादा मागे वळला, सुटलेली बोंडे उजव्या हाताने वेचू लागला. फुटलेल्या बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांना काट्यासारखी टोके असतात. सवयीची बोटे ती टाळून कापूस अलगद ओढून घेतात. टोक लागलेच तर हात क्षणात मागे येतो. दादाचा हात मागे येत नव्हता. तो शांतपणे, लक्ष देऊन, एकामागून एक बोंड रिते करीत होता. बऱ्याच वेळाने गिरजाकाकूने सवयीने त्याच्या ओटीत हात घातला. डागी, किडका कापूस बायका ओटीच्या वेगळ्या कोपऱ्यात टाकतात, त्याला कवडी म्हणतात. ती कवडी निवडायला वाकली आणि तिची जीभ प्रथमच थांबली. ओटीतल्या पांढऱ्यावर लाल ठिपके होते. पुष्कळ.

"माय व," ती हळूच म्हणाली. "हात पाहू, बाबू."

करंगळी आणि अनामिकेची बाहेरची कड ओरखड्यांनी भरली होती. दादा स्वतःच्या हाताकडे दुसऱ्या कोणाची वस्तू पाहावी तसा पाहत होता. काकूने पदराची चिंधी फाडून बांधली आणि लाल ठिपक्यांचा कापूस कवडीच्या कोपऱ्यात सारला. आई दोन ओळी पलीकडे होती. तिने पाहिले की नाही, ते मला कळले नाही. तिचे हात वेचत राहिले.

मी मात्र मोजमापाची माणूस. माझ्या शाईची रेघ आदल्याच दिवशी अनामिकेच्या नखापाशी पोहोचलेली होती. रेघेच्या अलीकडे सगळीकडे "हो" होते. ओरखडे त्याच "हो"वर होते. दोन निरीक्षणे एकमेकांशी जुळत नसतील तर एक खोटे असते, आणि रक्त खोटे बोलत नाही.

दुसऱ्या दुपारी दादाने नेहमीसारखे डोळे मिटले. सुपाचा आवाज थांबला. मी टाचणी उचलली, नेहमीच्या लयीत हात हलवला, आणि टेकवली नाही.

"हो," दादा म्हणाला.

मी पुन्हा थांबले. टाचणी चटईवर ठेवून दिली.

"हो."

पद्धतीतली चूक तेव्हा मला स्वच्छ दिसली. मी दरवेळी सारख्याच अंतराने टोचत असे. फलंदाजाच्या पावलांवरून त्याचा पुढचा फटका ओळखणाऱ्या माणसाला माझी लय ओळखायला किती वेळ लागणार? निर्दोष प्रयोग कसा रचायला हवा होता हे मी त्या क्षणी पाठ म्हणून दाखवू शकले असते. त्याचा काही उपयोग नव्हता. दादाने डोळे उघडले. त्याने चटईवरची टाचणी पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. दारातून आईचा आवाज आला: "आज का म्हनते व हात?"

दादा ओठ न हलवल्यासारखा बोलला. "आई आयकून राह्यली न, कुंदे."

आईला काय सांगितले गेले, कोणी सांगितले, ते मला आठवत नाही. सूप पुन्हा वाजू लागले एवढे आठवते.

त्यानंतर दुपारचे काम बंद झाले नाही. बंद करायला कारण द्यावे लागले असते. दादा डोळे मिटून हात पुढे करी, मी टोचे, तो "हो" म्हणे, आणि आम्हा दोघांनाही ठाऊक असे की त्या रेघेचा आता कशाशीही संबंध उरलेला नाही. मी त्याला एकदा शास्त्रीय सांत्वन देऊ केले: कधी कधी तंतू उशिरा पोहोचतो, दोन वर्षेही लागतात. "मंडळाले सांगशील का तू हे?" त्याने विचारले. आवाजात राग नव्हता. मग तो बुटांना पॉलिश करायला उठला, डाव्या हाताने.

पौषात ज्वारीची कणसे खळ्यावर येण्याआधी आमच्याकडे एक सामना होतो. काळी माती हिवाळ्यात भेगाळते. क्रिकेटला लागते तशी सपाट, टणक जमीन गावात एकच, ताजे सारवलेले खळे. म्हणून शेजारशेजारची दोन खळी जोडून बायका पाणी शिंपतात, पोरे धुम्मस करून माती ठोकतात, मग शेणमातीने सारवण होते, आणि धान्य येण्याआधीचा एक दिवस ते खळे खेळाला दिले जाते. अट एकच. खळ्यावर पायताण चालत नाही. गोलंदाज, फलंदाज, पंच, सगळे अनवाणी. त्या वर्षी मधली पट्टी आईने स्वतः सारवली. तिच्या बोटांचे अर्धगोल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उमटलेले होते, आणि मला आजही वाटते की इतकी सुंदर खेळपट्टी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

सामना धनज गावच्या संघाशी होता. दादाने खेळू नये असे मला वाटत होते. त्याला खेळवू नये असे म्हणण्याची सोय नव्हती. साऱ्या गावाच्या मते त्याचा हात आता बरा झाला होता. आईने विहिरीवर तसे सांगितले होते.

तो खळ्याच्या काठावर बुटांच्या नाड्या सोडायला बसला. नाडीची गाठ दोन हातांनी सुटते. त्याची दोन बोटे ऐकत नव्हती. मी पुढे झाले, त्याने मान हलवून मला थांबवले. मग शेषराव आला, गुडघ्यावर बसला आणि जणू त्याचेच बूट असावेत तसा गाठी सोडू लागला.

"एवढ्या करकचून कायले बांधतं बे? बूट का पळून जातीन?"

"सैन्यात अशाच बांधतेत."

"मंग सैन्यातला मानूस ठेवाचा न सोडाले," शेषराव म्हणाला आणि बूट नीट जोडीने बाजूला ठेवले.

धनजचा फलंदाज कचेरीतला कारकून होता. पांढरी पॅन्ट घोट्याच्या वर दुमडून, अनवाणी, छाती पुढे काढून उभा. दादाच्या गोलंदाजीची कीर्ती त्याने ऐकलेली होती. शेषराव यष्टींमागे, उजव्या बाजूला थोडा सरकून बसला. लेग स्पिन वळून तिकडेच जाणार. दादाने चेंडू धरला. चार पावले, आणि तो हात, आजोबांचा दोर वळणारा तो हात, पूर्ण फिरला. चेंडू उंच गेला, आईच्या अर्धगोलांवर बरोबर जागी पडला. कारकुनाने वळणाऱ्या चेंडूसाठी बॅट बाहेर नेली.

चेंडू वळला नाही. सरळ गेला आणि मधली यष्टी पाडून गेला.

खळ्याभोवती एकच गलका झाला. टोप्या उडाल्या. गिरजाकाकू कोणाच्या तरी पाठीत धपाटा घालून ओरडत होती, "आमचा कप्तान! आमचा कप्तान!" कारकून कौतुकाने मान हलवीत म्हणाला, "काय फसवला साहेब! वळणार म्हणून वळवला नाही. वा!" आई उभी राहून हसत होती. इतके मोकळे हसताना मी तिला पुन्हा पाहिलेले नाही.

शेषरावचे हातमोजे अजून यष्टींच्या बाहेर, चेंडू वळून जायला हवा होता त्या रिकाम्या जागी पसरलेले होते. चेंडू त्याच्या मागे घरंगळत गेला होता. तो उठला, चेंडू आणला, आणि फेकण्याऐवजी चालत येऊन दादाच्या डाव्या हातात ठेवला. मी काठावरच, दोघांच्या जवळ होते.

"नाई वळला रे, मध्या," तो म्हणाला.

"नाई."

"टाकतं का अजून?"

दादाने गर्दीकडे पाहिले. मग त्याने आपल्या वाट्याची उरलेली सगळी षटके टाकली. एकही चेंडू वळला नाही. धनजच्या फलंदाजांना हे कळेपर्यंत त्याने आणखी दोन बळी घेतले आणि कळल्यावर त्यांनी त्याला मनसोक्त मारले. गाव म्हणाले, कप्तान दिलदार आहे, पाहुण्यांना खेळू देतो.

मंडळाने फार वेळ घेतला नाही. अनुभवी माणसे होती. त्यांनी माझ्यासारखे लयीत टोचले नसणार.

या गोष्टीला आता काही वर्षे झाली. दादा शेती पाहतो. खळ्यावरच्या सामन्यांत पंच म्हणून अनवाणी उभा राहतो आणि फलंदाजाला बाद देताना उजवी तर्जनी उचलतो. ती शाबूत आहे. मी दरवर्षी मज्जातंतूंविषयी नवे काही वाचते. वाचताना दरवेळी त्या हातावर ते लावून पाहते, आणि दरवेळी कालावधी उलटून गेलेला असतो. इस्पितळात मी रुग्णांचे हात तपासते तेव्हा टाचणीची लय मुद्दाम मोडते. कधी थांबते, कधी घाई करते, कधी टेकवतच नाही. वरिष्ठ माझ्या पद्धतीची स्तुती करतात.

यंदा दिवाळीला घरी गेले होते. वेचणी सुरू व्हायची होती. घरात दही विरजलेले होते. जेवणानंतर आई ओसरीवर भिंतीला टेकून बसली. तिला आता नीट दिसत नाही, सूप केव्हाच सुटले. एकाएकी ती म्हणाली, "कुंदे, त्याचा हात पाह्य न व."

दादाने माझ्याकडे पाहिले. मग चटईवर बसून, पूर्वीसारखा, तळहात पुढे ठेवला आणि डोळे मिटले. मी टाचणी आणली. अनामिकेच्या आतल्या कडेला, जिवंत अर्ध्यावर, टोचले.

"हो."

पुन्हा तिथेच.

"हो."

दोन्ही खरे होते. मला वाटले, एवढ्यावर निभावेल. आई मान कलती करून ऐकत होती.

"त्या बाजूनं झालं," ती म्हणाली. "आता पल्याडून पाह्य. आयकू दे मले."

तिला अनामिकेची रेघ कोणी सांगितली होती? कोणीच नाही. पण ती त्या दिवशी दोनच ओळी पलीकडे वेचत होती, आणि ओटीतला कापूस संध्याकाळी तिनेच निवडला होता.

मी टाचणी उचलली. ती हवेतच होती.

"हो," दादा म्हणाला.

आईने मान हलवली, भिंतीचा आधार घेत उठली आणि दह्याचे भांडे झाकायला आत गेली.